दगडी पाल्यापासून सुरुवात: सह्याद्रीतल्या रानऔषधी शिकायच्या असतील तर

खेळताना गुडघा फुटला की मैदानाच्या कडेचा दगडी पाला खुडायचा, तळहातावर चोळायचा आणि त्याचा हिरवा रस जखमेवर पिळायचा. महाराष्ट्रातल्या खेड्यात वाढलेल्या बहुतेकांनी हे केलेलं असतं. रस झोंबायचा, रक्त थांबायचं आणि डाव पुढे सुरू व्हायचा. हे शिकवलं कुणी, ते कुणालाच सांगता येत नाही. मोठ्या मुलांचं बघून लहान मुलं शिकली, एवढंच.

रानातल्या औषधी वनस्पती शिकायची इच्छा घेऊन येणारे बहुतेक जण पहिल्याच भेटीत यादी मागतात: खोकल्याला काय, जखमेला काय, तापाला काय. मी यादी देत नाही. यादी हातात आली की माणूस झाड बघायचं सोडून उपयोग शोधायला लागतो आणि घोटाळे तिथेच सुरू होतात. त्यामुळे हा लेख पहिल्या वर्षापुरता आहे. या वर्षात झाडं ओळखायला शिकायचं, ती जिवाणूंवर काय करतात ते समजून घ्यायचं आणि वापर जवळजवळ करायचाच नाही.

पायरी १: चारच झाडं निवडा

पुण्याच्या टेकड्यांपासून मुळशी, मावळ, भोर ओलांडून खाली कोकणापर्यंत कुठेही राहत असाल, तर ही चार झाडं घ्या: दगडी पाला, अडुळसा, निर्गुडी आणि पांढरा कुडा. पहिलं जमिनीलगतचं तण, दुसरं कुंपणाचं झुडूप, तिसरं ओढ्याकाठचं मोठं झुडूप आणि चौथं डोंगरउतारावरचं लहान झाड. चारही सहज सापडतात आणि प्रत्येकाकडून वेगळी गोष्ट शिकायला मिळते.

प्रत्येकाचं एकच झाड ठरवून घ्या आणि दर पंधरा दिवसांनी त्याच झाडाकडे जा. कुडा उन्हाळ्याच्या तोंडावर निष्पर्ण असतो, मग कोवळ्या पालवीबरोबर पांढऱ्या फुलांचे झुबके येतात, पावसानंतर जोडीजोडीने लांब शेंगा लोंबतात आणि हिवाळ्याच्या अखेरीला त्या उकलून कापसासारख्या शेपटीच्या बिया उडू लागतात. या चारही अवस्था डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कुडा ओळखता येतो असं म्हणू नका. फुलातलं झाड कुणीही ओळखतं. औषधासाठी साल काढायची वेळ येते तेव्हा झाडावर ना फूल असतं ना पान.

पायरी २: नावाची खात्री धरू नका

हा भाग मी चुकून शिकलो. सुरुवातीच्या काळात मी भोरकडच्या डोंगरातून कुड्याची म्हणून सालीचे तुकडे आणले होते. वाटेत एका वाडीवरच्या आजींनी पिशवीत हात घातला, एक तुकडा उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "ह्यो कुडा न्हवं बाळा, काळा कुडा हाय. पोट दुखलं तर काय कामाचा न्हाय." त्यांनी मला त्याच झाडाशी परत नेलं आणि शेंगांच्या जोडीकडे बोट दाखवलं. त्या जोडीची टोकं एकमेकांना चिकटलेली होती.

गोष्ट साधी आहे. मराठीत कुडा म्हणून ओळखली जाणारी झाडं एकाहून जास्त आहेत. पांढरा कुडा म्हणजे होलॅऱ्हेना प्युबेसन्स. त्याचं जुनं शास्त्रीय नाव होलॅऱ्हेना अँटिडिसेंटेरिका, म्हणजे आमांशविरोधी. काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. 'टिंक्टोरिया' हे नाव रंगाऱ्याच्या कामावरून आलं, कारण याच्या पानांपासून नीळ काढत. शिवाय नागलकुडा आहेच, तो आणखी वेगळा. तिघांनाही पांढरा चीक येतो, तिघांचीही फुलं पांढरी. पांढऱ्या कुड्याच्या शेंगा पहिल्यापासून सुट्या असतात, काळ्याच्या कोवळेपणी टोकाशी जुळलेल्या. काळ्याच्या फुलाच्या तोंडाशी झालरीसारखे बारीक तंतू असतात, पांढऱ्याच्या फुलात ते नसतात. पांढऱ्याच्या बिया कडू, ते कडू इंद्रजव. काळ्याच्या बियांना बाजारात गोडे इंद्रजव म्हणतात. बाजारात पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्याची साल मिसळण्याचा प्रकार जुनाच आहे.

अशी फसवी नावं पावलोपावली भेटतात. महाराष्ट्रात बऱ्याच ठिकाणी ज्याला ब्राह्मी म्हणतात ती गोल, बेडकाच्या पायासारख्या पानांची मंडूकपर्णी असते. ग्रंथातली ब्राह्मी बहुधा पाणथळ जागेत वाढणारी, बारीक मांसल पानांची नीरब्राह्मी असते. शंखपुष्पी म्हणून तर देशभरात निदान तीन-चार वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. म्हणून वहीत प्रत्येक झाडाची दोन नावं लिहा: गावातलं नाव, तेही कोणत्या गावातलं हे नोंदवून, आणि शास्त्रीय नाव. शास्त्रीय नाव पाठ करायचा कंटाळा येतो हे मला ठाऊक आहे. पण पुस्तक वाचताना, डॉक्टरांशी बोलताना आणि संशोधन शोधताना तेच एक नाव सगळीकडे चालतं.

पायरी ३: ओळख पक्की कशी करायची

मोबाइलमधलं अॅप वापरा, पण त्याचं उत्तर अंदाज म्हणूनच घ्या. पानाच्या फोटोवरून अॅप कुळापर्यंत बऱ्याचदा बरोबर पोहोचतं, जातीवर मात्र चुकतं. कुडा, कण्हेर आणि पिवळ्या फुलांची बिट्टी ही तिन्ही एकाच कुळातली. पहिल्याची साल औषध आणि उरलेल्या दोघांची बी जीवघेणी, त्यामुळे कुळापर्यंतची ओळख इथे कामाची नाही.

नमुना दाबून ठेवायची जुनी पद्धत आजही सगळ्यात भरवशाची. हातभर फांदी घ्या, त्यावर पान आणि फूल किंवा फळ यांपैकी काहीतरी असलंच पाहिजे. लहान तण असेल तर मुळासकट घ्या. फांदी वर्तमानपत्राच्या घडीत पसरा, एक-दोन पानं मुद्दाम उलटी ठेवा म्हणजे पाठीची लव दिसेल, आणि वर जाडजूड पुस्तकांचं वजन ठेवा. पहिला आठवडा रोज कागद बदला. पावसाळ्यात हे चुकलं तर दोनच दिवसांत बुरशी धरते. सुकल्यावर जाड कागदावर शिवून किंवा चिकटवून खाली लिहा: तारीख, ठिकाण, जमीन कशी होती, झाडाची उंची, चिकाचा रंग, वास आणि फुलाचा रंग. फुलाचा रंग त्याच दिवशी लिहा, कारण सुकल्यावर तो राहत नाही.

असा नमुना हातात असला की जाणकार मदत करतात. जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जा. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेचा आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्राचा वनस्पतिसंग्रह आहे, मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमध्ये ब्लॅटर हर्बेरियम आहे. तिथे सुकवलेल्या नमुन्यांची शेकडो कपाटं आहेत. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी खंडाळ्याच्या घाटात तोडलेली फांदी आणि आपली फांदी शेजारी ठेवून जुळवताना जो आनंद होतो, तो मी अजून विसरलेलो नाही. आधी फोन करून परवानगी मात्र घ्या.

पायरी ४: विषारी झाडं आधी शिका

आपली चार झाडं शिकण्याच्या सोबतच ही ओळखायला शिका: कण्हेर, बिट्टी, धोतरा, गुंज, कळलावी, मोगली एरंड, रुई, बिब्बा. यातली बरीच औषधी म्हणूनच प्रसिद्ध आहेत आणि नवख्याला त्यांचाच धोका जास्त. कण्हेर आणि बिट्टीतली द्रव्यं थेट हृदयाच्या ठोक्यावर परिणाम करतात. पावसाळ्यात कुंपणावर ज्वाळेसारख्या फुलांनी पेटणाऱ्या कळलावीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन असतं. गुंजेची लाल-काळी बी सोनाराच्या तराजूत वजन म्हणून वापरत, ९६ गुंजांचा एक तोळा. ही बी अख्खी गिळली तर कठीण कवचामुळे बहुधा तशीच बाहेर पडते, पण फोडून किंवा चावून पोटात गेली तर प्राणघातक ठरू शकते. मोगली एरंडाच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात म्हणून शाळकरी मुलं त्या खातात आणि उलट्या-जुलाबांनी दवाखान्यात दाखल होतात.

पायात काटा रुतला की रुईचा चीक लावायची पद्धत गावोगाव आहे. तोच हात डोळ्याला लागला तर बुबुळाला गंभीर इजा होते. लहान मुलांना हे झाड ओळखायला शिकवा आणि तोडायला शिकवू नका.

चव घेऊन ओळखायची सवय जुन्या जाणकारांना असते. तुम्ही ती पहिल्या वर्षी अजिबात लावून घेऊ नका.

पायरी ५: आपली चार झाडं जवळून

दगडी पाला, म्हणजे ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. याला एकदांडी, कंबरमोडी अशीही नावं आहेत. पानं समोरासमोर, कडा दातेरी, अंगावर खरखरीत लव. लांब एकट्या दांडीवर एकच फूल, मध्ये पिवळं आणि भोवती पाच-सहा फिकट पांढऱ्या पाकळ्या, प्रत्येकीच्या टोकाला तीन दाते. हे झाड मूळचं मध्य अमेरिकेकडचं, म्हणून जुन्या संस्कृत ग्रंथांत ते सापडायचं नाही. गेल्या काही शतकांत ते इथे आलं, माळरानावर पसरलं आणि जखमेवर चालतं हे आपल्या माणसांनी वापरून शोधून काढलं. गावठी ज्ञान म्हणजे केवळ पूर्वापार चालत आलेलं, असं समजणाऱ्यांनी या तणाकडे जरूर बघावं. ते ज्ञान आजही वाढतं आहे. त्याची पानं, फुलं वापरून प्रयोगशाळांत पुष्कळ काम झालं आहे. रक्त थांबवणं आणि त्वचेवरच्या काही जिवाणूंची वाढ रोखणं, या दोन्हींना त्यात दुजोरा मिळाला आहे. गाजरगवताची अॅलर्जी असणाऱ्यांनी मात्र याला हात लावताना जपावं, दोन्ही एकाच कुळातली आहेत.

अडुळसा, जस्टिशिया अधाटोडा. लांबट, टोकदार, हिरवीगार पानं, चुरगळली की उग्र वास. पांढरं फूल दोन ओठांचं, आत जांभळ्या रेषा. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून शेताच्या बांधावर आणि परसाच्या कुंपणाला लावतात. यातलं व्हॅसिसिन हे द्रव्य कफ पातळ करून सुटायला मदत करतं. त्याच्या रचनेवरून माणसाने ब्रोमहेक्सिन हे औषध बनवलं आणि ब्रोमहेक्सिनचं शरीरात जे रूपांतर होतं त्यातून अँब्रोक्सॉल मिळालं. औषधाच्या दुकानातून आणलेल्या खोकल्याच्या बाटलीवर ही नावं शोधा, बांधावरच्या अडुळशाचं नातं तिथे सापडेल. व्हॅसिसिन गर्भाशयाचं आकुंचन वाढवतं, त्यामुळे गरोदर बाईने अडुळसा घेऊ नये. दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला खोकला अडुळशाचा नव्हे, क्षयरोगाच्या तपासणीचा विषय असतो. ती तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

निर्गुडी, व्हायटेक्स निगुंडो. एका देठावर पाच, कधी तीन पर्णिका, वरून हिरव्या आणि खालून पांढुरक्या. निळसर जांभळी बारीक फुलं. वास एकदा नाकात बसला की अंधारातही झाड ओळखू येतं. बाळंतिणीच्या अंघोळीच्या पाण्यात निर्गुडीचा पाला, गुडघा सुजला की गरम करून बांधलेला निर्गुडीचा पाला, धान्यात कीड होऊ नये म्हणून वाळलेला पाला, असे तिचे उपयोग घरोघर आहेत. नवख्यासाठी मला ही चौघांत सगळ्यात निर्धोक वाटते, कारण तिचा घरगुती वापर जवळजवळ सगळा बाहेरून आहे.

आणि कुडा. त्याच्या सालीतलं कोनेसिन हे द्रव्य आमांशाच्या अमिबावर चालतं आणि एकेकाळी डॉक्टर तेच वापरत. त्याने झोप उडणं, अस्वस्थता, मेंदूवर परिणाम असे त्रास दिसले आणि पुढे अधिक सोयीची औषधं आल्यावर ते मागे पडलं. आयुर्वेदात कुटजारिष्ट, कुटजघनवटी आजही दिली जाते, कोकणात कुडेपाक मिळतो, कोवळ्या शेंगांची आणि फुलांची भाजी होते. भाजी खुशाल खा. पण घरी साल उकळून जुलाबावर द्यायचं काम नवख्याचं नाही. जुलाब लागले की आधी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घोट घोट द्या. हे चमचे चहाचे घ्या आणि सपाटच मोजा. शौचात रक्त दिसलं, ताप असला किंवा मूल मलूल पडलं तर थेट दवाखाना गाठा.

पायरी ६: 'जिवाणूनाशक' म्हणजे नेमकं काय, ते समजून घ्या

या शब्दाने नवख्यांना जेवढं भुलवलं आहे तेवढं दुसऱ्या कशाने नाही. 'अमुक वनस्पतीत जिवाणूनाशक गुण सिद्ध' हे वाक्य वाचून लोक पाला वाटून प्यायला लागतात. म्हणून प्रयोगशाळेत काय करतात ते एकदा डोळ्यांसमोर आणा.

पानं सावलीत वाळवून पूड करतात. ती मेथेनॉल, इथेनॉल किंवा पाण्यात भिजत ठेवून अर्क काढतात, गाळतात, आटवतात. दुसरीकडे समुद्री शेवाळापासून केलेल्या आगरच्या थरावर जिवाणू पसरलेले असतात. त्या थरात लहान खड्डा पाडून अर्क घालतात किंवा सहा मिलिमीटरची कागदी चकती अर्कात बुडवून वर ठेवतात. रात्रभर उबदार जागी ठेवल्यावर जिवाणू सगळीकडे वाढतात. अर्क प्रभावी असेल तर चकतीभोवती मोकळं कडं दिसतं. ते कडं मिलिमीटरमध्ये मोजतात.

आता अशी बातमी किंवा शोधनिबंध वाचताना स्वतःला काही प्रश्न विचारा. नुसतं मेथेनॉल घालून तपासलं होतं का? मेथेनॉल स्वतःच जिवाणू मारतं, त्यामुळे ही तुलना नसेल तर कडं पाल्याचं की द्रावकाचं ते कळत नाही. माहीत असलेल्या प्रतिजैविकाचं कडं शेजारी मोजलं होतं का? किती तीव्र अर्क लागला? वाढ रोखणाऱ्या सगळ्यात कमी प्रमाणाला किमान रोधक प्रमाण म्हणतात. कच्च्या अर्काचं हे प्रमाण मिलिलिटरला १०० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर संशोधक कान टवकारतात. कित्येक मिलिग्रॅम लागत असतील तर त्याची दखल घ्यायचं कारण नसतं, कारण एवढं प्रमाण रक्तात पोहोचवता येत नाही. आणि जिवाणू कोणता होता? गळवं, पिकलेल्या जखमा यांत नेहमी सापडणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस ग्रॅम-पॉझिटिव्ह आहे, म्हणजे बाहेरचं जादा आवरण नसलेल्या गटातला. त्यावर वनस्पतींचे अर्क तुलनेने बरे चालतात. इ. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंना बाहेरून आणखी एक आवरण असतं, ते अनेक द्रव्यांना आत शिरू देत नाही. म्हणून एकाच झाडाचा अर्क एका थाळीत मोठं कडं दाखवतो आणि दुसऱ्या थाळीत काहीच नाही.

पाण्यातला अर्क बहुधा अल्कोहोलमधल्यापेक्षा दुबळा ठरतो, कारण बरीच जिवाणूरोधक द्रव्यं पाण्यात नीट विरघळत नाहीत. आपला काढा म्हणजे पाण्यातला अर्क. शोधनिबंधातला मेथेनॉलचा आकडा आपल्या काढ्याला लागू पडत नाही, एवढं जरी लक्षात ठेवलंत तरी अर्धे गैरसमज टळतील. अर्क काढायच्या पद्धतीवर किती अवलंबून असतं, याचं जगप्रसिद्ध उदाहरण चीनमधलं आहे. मलेरियावरचं औषध शोधताना तिथल्या शास्त्रज्ञ तू योयो यांना एका वनस्पतीच्या उकळून काढलेल्या अर्काचा गुण येईना. जुन्या चिनी ग्रंथात ती वनस्पती थंड पाण्यात भिजवून रस पिळायला सांगितलं होतं. त्यांनी कमी तापमानात ईथर वापरून अर्क काढला आणि त्यातून आर्टेमिसिनिन हाती आलं. २०१५ चं नोबेल पारितोषिक त्यासाठीच मिळालं.

मला स्वतःला सगळ्यात मोलाचं वाटणारं उदाहरण बर्बेरिस या वंशातलं आहे. आपली दारुहळद याच वंशातली. यातलं पिवळं बर्बेरिन जिवाणू मारू शकतं, पण स्टॅफिलोकोकस ते पंपासारख्या प्रथिनाने बाहेर फेकून देतो. २००० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की बर्बेरिसच्या काही जाती बर्बेरिनबरोबर आणखी एक द्रव्य तयार करतात. ते स्वतः जिवाणू मारत नाही, पण तो पंप बंद पाडतं, आणि मग बर्बेरिनचा मारा लागू पडतो. झाडाने स्वतःच्या बचावासाठी केलेली ही जोडी आहे. प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू वाढत असताना झाडांचा अभ्यास का करायचा, याचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही. आणि एकेक द्रव्य वेगळं काढून तपासलं तर झाडाचा गुण कधीकधी का हरवतो, तेही यातून कळतं.

घरी थाळीत जिवाणू वाढवून प्रयोग करू नका. वाढलेल्या थाळीत रोगकारक जिवाणू कोट्यवधींनी असतात. महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात, शिक्षकांच्या देखरेखीखालीच ते करायचं.

पायरी ७: तोडण्याआधी विचारा

अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात पानही तोडायला वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे मनाई आहे. राखीव वनात वनखात्याची परवानगी लागते. जिथे २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक हक्क मिळाले आहेत, तिथे ग्रामसभेला विचारा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने २००९ मध्ये हा हक्क मिळवून वाट दाखवली. जुन्नर, आंबेगावकडे हिरडा गोळा करणाऱ्या आदिवासी घरांचं वर्षाचं उत्पन्न त्यावर असतं. आपण हौसेने भरलेली पिशवी त्यांच्या वाट्यातली असू शकते.

नरक्या या सह्याद्रीतल्या झाडाचं काय झालं तेही माहीत असू द्या. त्यात कॅम्प्टोथेसिन असतं, ज्याच्यापासून कर्करोगावरची औषधं बनवतात. हे द्रव्य १९६६ मध्ये एका चिनी झाडात सापडलं आणि पुढे ते नरक्यातही भरपूर आहे असं कळलं. मग घाटातून नरक्याची मोठ्या प्रमाणावर चोरटी तोड झाली. मूळ आणि साल काढली की झाड मरतं. म्हणून ओळखीच्या दाबलेल्या नमुन्याखेरीज पहिल्या वर्षी वापरासाठी मूळ किंवा साल घ्यायचीच नाही, फक्त पानं, आणि तीही एका झाडाची मूठभर. रस्त्याकडेचा, गटाराजवळचा किंवा तणनाशक फवारलेल्या बांधावरचा पाला घेऊ नका.

पायरी ८: वापर, अगदी थोडा आणि बाहेरून

वर्ष संपत आलं, चारही झाडं ओळखीची झाली, की एवढंच करून बघा. सुजलेल्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला गरम करून शेकायला वापरा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडा पाला बांधून दिवसभर बघा, लाली किंवा खाज आली तर सोडून द्या.

किरकोळ खरचटलं असेल तर आधी वाहत्या पाण्याने आणि साबणाने जखम धुवा, स्वच्छ कापडाने दाबून धरा. निम्म्याहून जास्त काम इथेच होतं. दगडी पाल्याबद्दल मला मनापासून प्रेम आहे, तरी एक गोष्ट सांगतो. प्रयोगशाळेतला अर्क गाळलेला असतो आणि आपण चोळलेल्या पानावर माती असते. मातीत धनुर्वाताचे बीजाणू असतात. म्हणून पानं चांगली धुऊनच वापरा, जखम वरवरची असेल तरच, आणि धनुर्वाताची लस वेळेवर घेतलेली असू द्या. खोल जखम, कुत्र्या-मांजराचा चावा, भाजलेलं, मधुमेह्याच्या पायाची जखम यांवर कोणताही पाला नाही. चावा असेल तर पंधरा मिनिटं साबणपाण्याने धुऊन लगेच रेबीजच्या लशीसाठी जा. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांपैकी कोणाच्याही विषावर कोणतीही मुळी चालत नाही. त्यावर फक्त दवाखान्यातलं प्रतिविषाचं इंजेक्शन आहे आणि मुळी शोधण्यात गेलेली वेळ परत मिळत नाही.

पोटात घ्यायचं काहीही असेल तर ते वैद्यांच्या सल्ल्याने, आणि आधीपासून रक्तदाब, साखर, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती वैद्यांना सांगून. गुळवेलीचं उदाहरण अगदी ताजं आहे. कोविडच्या काळात लोकांनी ती स्वतःच्या मनाने महिनोन्‌महिने प्यायली. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना असे सहा रुग्ण दिसले, ज्यांच्या यकृताला इजा झाली होती, आणि त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने गुळवेलीला दोष द्यायला हरकत घेतली आणि तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी असं म्हटलं. वाद कसाही सुटो, दोन्ही बाजूंचं म्हणणं आपल्याला एकाच जागी आणतं: वेल कोणती, किती दिवस आणि कुणाला विचारून.

दुसऱ्या वर्षी काय करायचं, असं विचाराल तर आणखी चार झाडं घ्या, आणि रानातून आणण्यापेक्षा दारात लावा. सुरुवात अडुळशाने करा. पावसाळ्याच्या सुरुवातीला वीतभर लांबीची, तीन-चार पेरांची जून फांदी तिरपी कापून घ्या, खालची पानं काढा, दोन पेरं मातीत जातील अशी खोचा आणि माती ओलसर ठेवा. महिन्याभरात वरच्या पेरातून कोंब फुटतो. शहरातल्या गच्चीवर बारा इंची कुंडीतही तो तगतो.